भूतबंगल्यातली भुतं घडतात कशी? तुमचे प्रश्न, कारागिराची उत्तरं

गेल्या अंकात जत्रेतल्या भूतबंगल्यावर माझा एक छोटा लेख आला होता. आतमध्ये जे सापळे, चेटकिणी, दात विचकणारे राक्षस अंगावर येतात ते सगळे कुणीतरी बसून हाताने घडवलेले असतात आणि त्या माणसांकडे कुणाचं लक्ष जात नाही, एवढंच त्यात लिहिलं होतं. त्यावर इतकी पत्रं आली की संपादकांनी या वेळचं पूर्ण सदरच मला दिलं. थोडं माझ्याबद्दल सांगतो म्हणजे उत्तरं कुठून येतायत ते कळेल. मी पेणचा, गणपतीच्या कारखान्यात वाढलो, मग मुंबईत सिनेमाच्या सेटवर काम केलं आणि आता बरीच वर्षं मेळ्यांसाठी, पार्कांसाठी भुतं-राक्षस करतोय.

प्रश्न : मी कॉलेजला आहे, चित्रकला बरी आहे. ही रबरी भुतं नक्की कशाची बनतात? घरी करून बघता येईल का? (सांगली)

येईल की, आणि जरूर करून बघ. सुरुवात मातीपासूनच होते, दुसरा कुठला रस्ता नाही. आधी शाडूत नाहीतर तेलाच्या मातीत पूर्ण डोकं घडवायचं, सुरकुत्या, नाकपुड्या, हिरड्या सगळं. मग त्यावर प्लास्टरचा दोन भागांचा साचा घ्यायचा, माती काढून टाकायची, साचा धुवून चांगला खडखडीत वाळवायचा आणि त्यात लेटेक्स म्हणजे रबराचं पातळ दूध काठोकाठ ओतायचं. वाळलेलं प्लास्टर त्या दुधातलं पाणी शोषून घेतं त्यामुळे साच्याच्या भिंतीला रबराचा थर धरत जातो, अर्धा-पाऊण तासाने उरलेलं दूध परत डब्यात ओतून घ्यायचं आणि थर पंख्याखाली रात्रभर सुकू द्यायचा. दुसऱ्या दिवशी आतून टाल्कम पावडर मारत मारत हळूहळू सोलायचं, कारण ताजं रबर स्वतःलाच चिकटतं आणि एकदा चिकटलं की मुखवटा गेला समज. साच्याला तेल किंवा साबण लावू नकोस, गणपतीच्या साच्याची सवय असलेले लोक ही चूक हमखास करतात. तेल लावलं की प्लास्टर पाणी ओढत नाही आणि थरच धरत नाही.

मला स्वतःला यातली एक गोष्ट फार आवडते. आमच्या पेणला मूळ मूर्तीवर रबराचे थर देऊन साचा करतात आणि त्यात प्लास्टर ओतून मूर्ती काढतात, म्हणजे साचा रबराचा, मूर्ती प्लास्टरची. भुतांच्या कामात बरोबर उलटं, साचा प्लास्टरचा आणि भूत रबराचं. सामान तेच, हात तोच. म्हणून मी म्हणतो की ज्याच्या घरात मूर्तिकाम आहे त्याला हे काम परकं नाही, त्याला फक्त उलटा विचार करायला शिकायचंय.

दोन गोष्टी लक्षात ठेव. लेटेक्स सुकताना थोडं आकसतं म्हणून मातीकाम हवं त्यापेक्षा जरा मोठं कर. आणि लेटेक्सला अमोनियाचा उग्र वास असतो, खिडक्या उघड्या ठेवूनच काम कर. पुढे कधी सिलिकॉनकडे वळलास तर माती घेताना गंधक नसलेली माग. गंधकाच्या मातीवर प्लॅटिनम सिलिकॉन सेट होत नाही, नुसता चिकट रबडा राहतो आणि ते सिलिकॉन काही स्वस्त नसतं.

रंगाबद्दल एकच सांगतो. नवीन मुलं राक्षसाला एक हिरवा नाहीतर एक लाल रंग मारून मोकळी होतात. माणसाच्या कातडीत निळं, जांभळं, पिवळं सगळं असतं, स्वतःचं मनगट उजेडात धरून बघ. आधी गडद रंग सुरकुत्यांत बसव, वरचा पुसून घे, मग पातळ हात देत देत वर ये. डोळे आणि हिरड्या यांना शेवटी चकचकीत व्हार्निश, बाकी सगळं मॅट. ओली दिसणारी हिरडी अंधारात टॉर्चच्या उजेडाला जी चमकते तिथेच माणूस मागे सरकतो. आणि डोळ्यांची आखणी, ती गणपतीला जितकी महत्त्वाची तितकीच इथेही. दोन्ही बुबुळं अगदी सरळ समोर काढलीस तर चेहरा बाहुलीसारखा दिसतो, एक बुबुळ केसभर बाहेर सरकव, बस.

प्रश्न : नातवंडांबरोबर कॅलिफोर्नियात डिस्नेलँडला गेलो होतो. तिथल्या हाँटेड मॅन्शनमध्ये भिंतीतले दगडी पुतळे आपण पुढे जाऊ तसे मान वळवून बघत होते आणि एका दालनात आरपार दिसणारी भुतं नाचत होती. नातू म्हणतो होलोग्राम. खरं काय? (ठाणे)

काका, होलोग्राम नाही. हा बंगला ९ ऑगस्ट १९६९ ला उघडला आणि त्यातल्या या दोन्ही करामतींचं मूळ त्याच्याही कितीतरी आधीचं आहे. नाचणारी भुतं म्हणजे काचेतलं प्रतिबिंब. तुमच्या समोर भलीमोठी काच तिरकी नाही तर सरळ उभी असते, खऱ्या हलणाऱ्या आकृत्या तुमच्या वरच्या आणि खालच्या बाजूला, तुम्हाला दिसणार नाहीत अशा ठेवलेल्या असतात, त्यांच्यावर उजेड पडला की त्यांचं प्रतिबिंब काचेतून पलीकडच्या दालनात उभं राहिल्यासारखं दिसतं. रात्री एसटीच्या खिडकीत आपलाच चेहरा बाहेरच्या झाडांवर तरंगताना दिसतो ना, तेच. लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निकमध्ये डिसेंबर १८६२ मध्ये जॉन हेन्री पेपर यांनी हे रंगमंचावर दाखवलं. मूळ कल्पना हेन्री डर्क्स यांची, पण नाव राहिलं ‘पेपरचं भूत’ असंच.

मान वळवणारे पुतळे तर त्याहून साधे, ते पुतळेच नाहीत. भिंतीत आत खोल गेलेला चेहऱ्याचा ठसा आहे, म्हणजे आमच्या भाषेत रिकामा साचा, नीट उजेड टाकलेला. आपल्या मेंदूला चेहरा आत गेलेला असू शकतो हे पटतच नाही, तो त्याला बाहेर आलेलाच समजतो, आणि मग आपण चालायला लागलो की तो आपल्याबरोबर वळल्यासारखा वाटतो. हे मला कुणी शिकवलं नाही. लहानपणी कारखान्यात चेहऱ्यांचे अर्धे साचे भिंतीला टेकवून ठेवलेले असायचे आणि संध्याकाळी एकच बल्ब लागलेला असताना मी पाणी आणायला त्यांच्या समोरून जायचो तेव्हा ते सगळेच्या सगळे माझ्याबरोबर वळायचे. सात-आठ वर्षांचा असेन. वडिलांना सांगितलं तर त्यांनी माझा हात धरून साच्याच्या आत नेला, नाकाच्या जागी खड्डा होता. तो खड्डा अजून माझ्या बोटांना आठवतो.

नातवाला एक आणखी सांगा. त्या बंगल्यात काचेच्या गोळ्यात बोलणारं बाईचं डोकं आहे, त्यावरचा चेहरा लिओटा टूम्स यांचा. त्या तिथे मॉडेलं बनवणाऱ्या टीममधल्याच. रिकाम्या डोक्यावर त्यांच्या चेहऱ्याची फिल्म पाडली होती, आवाज मात्र एलेनॉर ऑडली या अभिनेत्रीचा. ज्या बाईने कारखान्यात काम केलं तिचाच चेहरा इतकी वर्षं लोक बघतायत, मला या गोष्टीचं फार बरं वाटतं.

प्रश्न : आमच्या मंडळाने यंदा गणपतीत ‘भुताची गुहा’ करायचं ठरवलंय. थर्माकोल, काळं कापड, कापसाची जळमटं, हॅलोजन असं सामान डोक्यात आहे. भुतं कुठे मिळतील आणि किती लागतील? (पुणे)

दादा, भुतांचं नंतर बघू, आधी सामानाचं बोलू, कारण तुम्ही जी यादी दिलीये ती वाचून मला झोप लागली नाही. थर्माकोल तर सोडूनच द्या, २०१८ पासून महाराष्ट्रात सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे, आणि बंदी नसती तरी मी हेच म्हटलं असतं. कापूस, कापड आणि हॅलोजन हे तिन्ही एका बंद अंधाऱ्या बोळात म्हणजे काडी आणि पेट्रोल शेजारी ठेवण्यासारखं आहे.

आमच्या धंद्यात एक तारीख सगळ्यांना माहीत असायला हवी, ११ मे १९८४. अमेरिकेत न्यू जर्सीमधल्या सिक्स फ्लॅग्ज ग्रेट ॲडव्हेंचर पार्कात ‘हाँटेड कॅसल’ नावाचा भूतबंगला होता, ट्रकचे मोठे डबे एकमेकांना जोडून केलेला. अंधारात चालताना कुणी आपटू नये म्हणून एका बोळाच्या भिंतीला फोम लावलेला होता. कुणीतरी पेटवलेल्या लायटरने त्या फोमने पेट घेतला असं तपासात मानलं गेलं. पाणी फवारणारे स्प्रिंकलर नव्हते. ८ मुलं गेली, सगळी किशोरवयीन. आत धूर भरला तरी तो खेळाचाच भाग आहे असं वाटावं अशीच ती जागा, आणि भूतबंगल्याचा खरा धोका तोच आहे, तिथे घाबरलेल्या माणसाची किंकाळी कुणी मनावर घेत नाही. त्या आगीनंतर तिकडे नियम कडक झाले, अशा बंगल्यांना स्प्रिंकलर लागले आणि धूर ओळखणारं यंत्र वाजलं की आतले दिवे आपोआप लागले पाहिजेत, भुतांचे आवाज आपोआप बंद झाले पाहिजेत असं ठरलं.

आता तुमच्यासाठी. काळ्या कापडाऐवजी शक्य तिथे प्लायला काळा मॅट रंग द्या. कापड लावणारच असाल तर सुती घ्या आणि बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात बुडवून वाळवा. सात भाग बोरॅक्स, तीन भाग बोरिक ॲसिड, शंभर भाग पाणी, हे जुनं माप आहे. पावसाचं पाणी लागलं की ते धुऊन जातं म्हणून मांडव गळत असेल तर पुन्हा बुडवायचं. आणि मग परीक्षा घ्यायची, कापडाची पट्टी मांडवाबाहेर मोकळ्यावर चिमट्यात धरून खालून बारा सेकंद काडी लावा, काडी काढल्यावर पट्टी जळत राहिली किंवा पेटते थेंब पडले तर तो तागा परत. हे सगळं केलं तरी अग्निशमन दलाची परवानगी आणि त्यांनी सांगितलेल्या अटी या लागतातच. हॅलोजन एकही नको, एलईडी लावा. जळमटं कापसाची नको, तो तर नुसता भडका. बाहेर जायला दोन रस्ते ठेवा आणि एक शहाणा माणूस पूर्ण वेळ मेन स्विचपाशी बसवा, त्याचं काम एकच, काही वेगळं वाटलं की सगळे दिवे लावायचे. त्याला मोबाईल बघायची परवानगी नाही.

मी हे इतकं पोटतिडकीने लिहितोय कारण एका मेळ्यात माझ्याच चेटकिणीच्या केसांना हॅलोजन टेकलेला मी पाहिलाय. मालकाला आदल्या दिवशी सांगून गेलो होतो दिवा दोन हात लांब ठेव म्हणून, पण चेहरा नीट दिसत नाही म्हणून त्याने तो जवळ ओढला. केस जळल्याचा वास आला, मी बाहेर चहा पीत होतो, वास ओळखीचा होता म्हणून धावलो. आत त्या वेळी एक बाई कडेवर मूल घेऊन उभी होती. काही झालं नाही, वायर ओढली, संपलं. पण त्यानंतर मी माझं भूत कुठे उभं राहणार ती जागा बघितल्याशिवाय भूत देत नाही, पैसे कितीही मिळोत.

आणि किती भुतं लागतील? तीन. चाळीस पावलांच्या रस्त्याला तीन पुरतात. लोकांना वाटतं दर दोन फुटांवर काहीतरी उडालं पाहिजे, पण मग चौथ्यानंतर माणूस हसायला लागतो. मधला अंधार तुमच्यासाठी फुकट काम करतो, त्याला करू द्या.

प्रश्न : उडी मारणारं भूत कशावर चालतं? (नाशिक)

हवेवर. कॉम्प्रेसर, एक एअर सिलिंडर आणि विजेवर उघडणारा व्हॉल्व्ह. पायाखालच्या पट्टीवर वजन पडलं किंवा सेन्सरसमोरून कुणी गेलं की व्हॉल्व्ह उघडतो आणि भूत एका क्षणात वर येतं. खाली मात्र सावकाश जाईल असं बसवतात. मान डोलावणं, हात हलवणं असल्या संथ कामाला गाडीच्या वायपरची मोटर झकास, भंगारात मिळते आणि तिच्यात ताकद भरपूर असते. भुताचा हात जिथवर पोचतो त्याच्या पुढे कठडा हवा, माणूस दचकून पुढेसुद्धा जातो.

प्रश्न : आमच्या जत्रेत येणाऱ्या भूतबंगल्यात ड्रॅक्युला, सापळा आणि गोरिला. आपली हडळ, मुंजा, वेताळ कुठे गेले? शाळेच्या स्नेहसंमेलनात आम्ही काही करू शकतो का? (कणकवली)

बाई, तुमचं पत्र मी तीन वेळा वाचलं. तुमच्याकडे तर दशावतारातला संकासुर आहे, काळा बुरखा आणि लाल जीभ, मुलं त्याला बघून आईच्या मागे लपतात आणि तरी पुढच्या वर्षी परत पुढे जाऊन बसतात. तिकडे जव्हार-मोखाड्याला बोहाडा या सोंगांच्या उत्सवाचे मुखवटे आहेत. घाबरवायची विद्या आपल्याकडे भरपूर आहे, फिरत्या बंगल्यांना परदेशी मुखवटे तयार मिळतात म्हणून ते तेच लावतात, एवढंच.

आणि आपली भुतं करायला स्वस्त आहेत, कारण त्यांची भीती चेहऱ्यात नाहीच. मुंजा घ्या. मुंज झालेला आणि सोडमुंजीच्या आत गेलेला मुलगा, पिंपळावर राहणारा. त्याला दात, रक्त काही लागत नाही. आठ वर्षांच्या मुलाच्या उंचीची आकृती, डोकं कागदाच्या लगद्याचं, गोटा आणि शेंडी, लंगोटी, जानवं, आणि तोंड भिंतीकडे. पाठमोराच ठेवा. वर पिंपळाची सुकलेली पानं टांगून टेबलफॅनची हवा द्या. मी हे एकदा केलंय, लोक तिथे आपोआप थांबतात आणि कुजबुजत बोलायला लागतात. हडळीचे फक्त पाय दाखवा, पडद्याखालून, टाचा पुढे. आणि चकव्याला तर आकृतीच नको, रस्ता असा फिरवा की दोन वळणांनंतर माणूस तशाच दाराशी तशाच कंदिलासमोर परत येतो, दोन्ही दारं हुबेहूब सारखी रंगवा की झालं. माझ्या मते आपल्या सगळ्या भुतांत चकवा हे सगळ्यात हुशार भूत आहे. बाहेरचं दार मात्र कुठूनही दिसेल असं ठेवा.

एक मनापासून सांगतो. बाळंतपणात गेलेली बाई अळवंतीण होते असं पूर्वी म्हणायचे, त्यामागे खऱ्या बायका आहेत, खरी दुःखं आहेत. मुलांना ही गोष्ट सांगून मगच आकृती करायला द्या, तिची टिंगल होऊ देऊ नका. आणि अपंग किंवा मनोरुग्ण माणसाला भूत म्हणून उभं करू नका, ते मी कधीच करत नाही.

प्रश्न : आम्ही गेली कितीतरी वर्षं नरकासुर करतो. या वेळी मुखवटा लेटेक्सचा आणि अंग फोमचं करावं असं काही मुलांचं म्हणणं आहे. (म्हापसा)

नको रे बाबांनो. नरकासुर जाळायचा असतो. फोम आणि रबर जळलं की जो धूर होतो तो विषारी, आणि पहाटे त्याच्या भोवती लहान मुलं नाचत असतात. गवत, बारदान, जुने पेपर, कागदाचा मुखवटा हेच त्याचं खरं सामान. तुमची मुलं लोखंडी सांगाड्यावर हात-पाय, मान हलवणारे नरकासुर करतात ते मी पणजीला बघितलेत, ती मेहनत तोंडात बोटं घालायला लावते. त्यांना एवढंच सांगा की मोटरी आणि वायरिंग जाळण्याआधी काढायचं. एका रात्रीसाठी महिनाभर राबून घडवायचं आणि उजाडायच्या आत जाळायचं, याला फार मोठं मन लागतं.

प्रश्न : आम्ही ओहायोत असतो. मुलगी इंजिनिअरिंग सोडून हाँटेड हाऊससाठी राक्षस बनवायचं शिकतेय. घरी फोनवर सगळे विचारतात, हे काय काम झालं? तिचं काही भलं होईल का?

ताई, तिकडे हा छोटा धंदा नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बंगले उघडतात पण घडवायचं काम वर्षभर चालतं, सेंट लुईसला दरवर्षी या धंद्याचं व्यापारी प्रदर्शन भरतं तिथे तिला एकदा जाऊ द्या. कोलोरॅडोत ग्रीली नावाच्या गावात एड आणि मार्शा एडमंड्स या नवरा-बायकोचा डिस्टॉर्शन्स अनलिमिटेड नावाचा राक्षसांचा कारखाना आहे, सुरुवात १९७८ ची, त्यांच्या कामावर टीव्हीवर मालिकासुद्धा झाली. मुखवट्यांपासून सुरुवात करून ते हलणाऱ्या मोठ्या राक्षसांपर्यंत गेले. तिचं इंजिनिअरिंगही वाया जाणार नाही, हवेवर चालणारी, सर्किटवर चालणारी भुतं करणाऱ्याला शिल्पकाराइतकीच मागणी असते.

पण खरं सांगायचं तर काम कष्टाचं आहे. फोमच्या रसायनांत वाफा असतात, साधा कापडी मास्क चालत नाही, चांगला रेस्पिरेटर तिला आधी घेऊन द्या, वाढदिवसाची भेट म्हणून द्या हवं तर. आणि नातेवाईकांना सांगा की पुण्यात तुळशीबागेच्या गणपतीची फायबरची मूर्ती घडवणारे डी. एस. खटावकर सर हेही शिल्पकारच होते, देखावे करणाऱ्या हाताला आपण पुण्यात मान देतो, तसाच तिचा हात. आपल्याकडे एकाच कारागिराने देव आणि दानव दोन्ही घडवायची रीत आहे. रामलीलेला रावण काय आकाशातून पडतो?

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी हौसेने लेटेक्सचा राक्षस केला होता, माळ्यावरून काढला तर चिकट झालाय आणि कानाशी तडे गेलेत. वाचेल का? (डोंबिवली)

नाही वाचणार, वाईट वाटतं सांगताना. ऊन, उष्णता, तेलकट हात आणि तांब्याचा स्पर्श हे लेटेक्सचे चार वैरी, माळ्यावर पत्रा तापतो तिथेच तो गेला. पुढच्या वेळी आत वर्तमानपत्राचे बोळे भरून आकार धरून ठेवा, वरून-आतून टाल्कम मारा, कापडी पिशवीत घालून खालच्या अंधाऱ्या कपाटात ठेवा. तडे बुजवायच्या भानगडीत पडू नका, आजूबाजूचं रबरही मेलेलं असतं. प्लास्टरचा साचा आहे ना अजून? मग आठवडाभर उन्हात वाळवा आणि नवीन ओता.